दहाचा गठ्ठा

राधाकिशन गुरुजींच्या शाळेत भिंत दिसायची नाही. वडवणीपासून आडबाजूला असलेल्या आमच्या वस्तीची ती शाळा. खोली एक, इयत्ता चार, गुरुजीही एकच. पण आत पाय ठेवला की डोक्यावर लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून कापलेली मुळाक्षरं लोंबायची. कोपऱ्यात मातीचा महाराष्ट्र, त्यात निळ्या दोऱ्याची गोदावरी. घड्याळ खोक्याच्या पुठ्ठ्याचं, त्याचे काटे बाभळीच्या काट्याने टोचलेले. बेरजेला चिंचोके आणि दशक शिकवायला तुरीच्या काड्यांचे दहादहाचे गठ्ठे. तपासणीला आलेले साहेब म्हणायचे, "वा, शैक्षणिक साहित्य भरपूर आहे!" आणि चहा पिऊन निघून जायचे.

गुरुजी मूळचे पाटोद्याकडचे. लग्नानंतर दोनच वर्षांनी बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. दुसरं लग्न कर म्हणून भावाने पुष्कळ समजावलं, मग तोही दमला. आमच्याकडे कुणी बदली मागून येत नसे आणि गुरुजी इथून बदली मागत नसत, त्यामुळे खात्याची सोय झाली होती. शाळेला लागूनच्या पत्र्याच्या खोलीत ते राहायचे. शाळा सुटली की कात्री आणि खळीचं भांडं घेऊन बसायचे. गावातली रिकामटेकडी माणसं पारावरून हाक मारायची, "गुरुजी, आज काय कातरलं?" गुरुजी हसून मान हलवायचे. पण एकट्या माणसाला हाताला काहीतरी लागतं, हे पारावरच्यांना कुठून कळणार?

शहाऐंशीच्या सुमाराला पावसाने सलग पाठ फिरवली. विहिरींचा गाळ खरवडून घागर भरायची वेळ आली. लिटरचा धडा आला तेव्हा वर्गात ओतायला पाणी कुठलं? गुरुजींनी डबे घेतले आणि ओढ्यातली वाळू मापून दाखवली. पाण्याचं माप वाळूत शिकलेली आमची शाळा. नागरिकशास्त्राच्या तासाला त्यांनी विचारलं, "सहकार म्हणजे काय?" पुस्तकातलं उत्तर कुणाला आलं नाही. आश्रुबाची छबू मात्र उठून म्हणाली, "सहकार म्हंजे कारखाना गुरुजी. दिवाळी झाली की समदे जातेत तिथं." गुरुजींनी फळ्याकडे तोंड केलं आणि बराच वेळ नुसतंच पुसत राहिले.

कारण ते खरंच होतं. दिवाळी झाली की पश्चिमेकडच्या सहकारी साखर कारखान्यांचे ट्रक ऊसतोडीच्या टोळ्या न्यायला यायचे. भांडीकुंडी, कोंबड्या, म्हातारे, तान्ही पोरं सगळं चढायचं आणि वर्ग ओस पडायचा. मागे राहायची ती बागायतवाल्यांची दोन-चार पोरं. तरी गुरुजी हजेरी पूर्ण घ्यायचे. छबू आश्रुबा. थांबायचे. मग पुढचं नाव. ऐकणाऱ्याला वेड्यासारखं वाटायचं, पण त्यांचा एकच ध्यास होता, की गेलेलं पोर उन्हाळ्यात परतेल तेव्हा शाळा विसरलेलं नसावं. म्हणून जुन्या धोतराच्या पिशव्या शिवून त्यात ते अक्षरं, चिंचोके, काड्या घालून प्रत्येकाबरोबर द्यायचे. परत यायची ती रिकामी पिशवी, कधी त्यात सुकलेल्या भाकरीचा तुकडा. अक्षरं चुलीत गेलेली असायची. गुरुजी पुन्हा पत्रिका गोळा करायला लागायचे.

छबूवर त्यांचा फार जीव. पोरगी तिसरीत होती, एकदा सांगितलं की तिच्या डोक्यातून जात नसे. त्या दिवाळीला ते आश्रुबाच्या दारी गेले. "हिला ठेव यंदा. जेवणाखाण्याचं माझ्याकडं. पोरगी लई पुढं जाईल."

आश्रुबाने खाली बघत जमीन उकरली. "तुमचं खरं हाय गुरुजी. पर उसाच्या फडात तान्हं कोन बघंल? आन् तुमच्या घरात बाईमानूस न्हाई. लोकं काय म्हनतील?"

गुरुजी पिशवी तेवढी देऊन परत आले. त्या हिवाळ्यात ते पारावरच्यांच्या हाकेलाही मान हलवत नसत.

उन्हाळ्यात टोळ्या परतल्या. छबू आली, उन्हाने काळवंडलेली, हातांवर उसाच्या पात्याचे ओरखडे. गुरुजींनी आनंदाने काड्यांची रास पुढे ओतली. "छबे, दहाचा गठ्ठा बांध बघू."

तिने मोजल्याच नाहीत. मावतील तेवढ्या काड्या कवेत घेतल्या, खाली दोरी सारली, गुडघा रोवून करकचून आवळल्या आणि डोक्यावर ठेवून मान हलवून पाहिली.

"ह्या दहा हायेत?"

"गठ्ठा हाय की गुरुजी."

"मग गठ्ठ्यात किती असतंय?"

"डोक्याला पेलंल तेवढं."

पोरं हसली. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी तो गठ्ठा सोडलाही नाही, तसाच खिडकीत ठेवला. आपण शिकवलेलं पुसून फडाने तिला दुसरंच शिकवलं, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

त्याच वैशाखात ते निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. नव्या मास्तरांना भिंती मोकळ्या हव्या होत्या, म्हणून सगळं साहित्य पोत्यात भरून गुरुजींच्या ताब्यात दिलं. सगळ्यांना वाटलं, आता हे पाटोद्याला भावाकडे जातील. गुरुजी काही गेले नाहीत. पत्र्याच्या खोलीतून उठून गावात एका पडवीत राहिले आणि दिवाळीची वाट बघत बसले.

दिवाळीनंतर ट्रक लागला. माणसं चढून झाली तेव्हा गुरुजी आले, डोक्यावर पत्र्याची ट्रंक, मान ताठ.

आश्रुबा वरून म्हणाला, "गुरुजी, तुमी कुठं?"

"तुमच्यासंगं. फडावर."

"ट्रंकंत काय हाय?"

"डोक्याला पेललं तेवढं. मातीचा महाराष्ट्र मागंच ठेवला."

"आन् तुमी कावून हाल करून घेता? घरी बसायचं सोडून?"

"घरी कोन हाय, आश्रुबा?" गुरुजी म्हणाले. "माझ्या घरातलं समदं तुमच्या ट्रकात बसलंय."

आश्रुबाने वाकून ट्रंक वर ओढून घेतली. छबूने तान्हं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, कोंबड्यांची पाटी पलीकडे सारली आणि गुरुजींना बसायला जागा केली.