देवीचं म्हणून सांगितलेलं पाखरू

नीलम आयुष्यात एकदाच खोटं बोलली, आणि बोलली ती थेट लक्ष्मीच्या नावानं. माणसानं सुरुवात तरी लहान खोट्यापासून करावी! पण ज्याला सवय नसते त्याचं असंच होतं.

ती पिरनवाडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सासर बेळगुंदीचं. नवरा युवराज मच्छेच्या कारखान्यात लेथवर असतो, आणि सासू बाळाबाई घरावर आणि अर्ध्या गल्लीवर हुकूम चालवतात. मांजर आडवं गेलं म्हणून एखादं पोर उशिरा आलं, तर नीलम त्याला त्याच वाटेनं परत पाठवून पुन्हा यायला लावते. शाळेच्या फाटकाला लिंबू-मिरची बांधणाऱ्या शिपायाशी तिचं बारमाही भांडण आहे. अशी ही बाई.

यंदा वैशाखात गावात लक्ष्मीची यात्रा होती. इकडची ही यात्रा वर्षाच्या वर्षाला येत नाही. एकदा झाली की पुन्हा कधी, ते देवी आणि पंच ठरवणार. त्यामुळं गावाला ऊत आलेला असतो. घरं रंगतात, न्हाणीला फरशा बसतात, आणि ज्याचं नाव आठवत नाही अशा पाहुण्यालाही आवतण जातं. बाळाबाईंच्या घरी पंगतींवर पंगती उठणार होत्या. यात्रेआधी आठवडाभर बुंदीचे लाडू वळायला घ्यायचे म्हणून मष्णू आचारी जागा बघायला आला आणि परड्यातल्या जुन्या फणसाखाली उभा राहून म्हणाला, "चुली हितंच मांडायच्या. सावली झ्याक हाय."

त्या फणसाच्या बुंध्याला, माणसाच्या छातीच्या उंचीवर एक ढोली होती, आणि ढोलीत निळ्या माशीमाराची चार पिल्लं होती.

निळा माशीमार म्हणजे चिमणीपेक्षाही किडकिडीत जीव. नराची पाठ गडद निळी, छाती शेंदरी, पोट पांढरं. मादी तशीच, पण धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखी. हे पाखरू उन्हात मिरवत नाही. ओढ्याकाठच्या दाट झाडीत, हाताला येईल एवढ्या फांदीवर ताठ बसतं, माशी दिसली की झेप टाकतं, हवेतच चोच मिटतं आणि परत जागेवर येतं. बाकीची पाखरं घरट्याकडं वळली तरी याचं काम दिवेलागण होऊन गेली तरी चाललेलं असतं. बाळाबाईंच्या परड्यात धुण्याच्या दगडाशी कायम ओल, आणि ओलीपाशी डासांची जत्रा, म्हणून ही जोडी ओढा सोडून इथं आली असावी. मादीनं एकटीनं शेवाळ आणि बारीक मुळ्या आणून ढोली मऊ केली होती, तेव्हापासून नीलम बघत होती. पिल्लं निघाली त्या दिवशी तिनं घरात कुणाला न सांगता शिरा केला होता. विचारलं तेव्हा म्हणाली, सहज.

"चुली दुसरीकडं मांडा की, मष्णूअण्णा," ती म्हणाली.

"दुसरीकडं मांडव हाय, आक्का. उनात उभा ऱ्हाऊन बुंदी पाडू व्हय मी?"

युवराजला सांगितलं तर तो हसला. "पाखरासाठी पावण्यांचं लाडू अडवतीस? आईला सांगून बघ जा."

बाळाबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "पाखराला झाडाची काय वाण हाय? उचलून ठेव पलीकडच्या आंब्यावर."

पण घरटं असं उचलून ठेवता येत नाही. आईबाप परत येतात ते त्याच ढोलीत, त्याच भोकात. पिल्लं चार हात पलीकडं ओरडत असली तरी आपलीच म्हणून ओळखतील याची खात्री नाही. आणि अंगावर पिसं न फुटलेल्या पिल्लांना मोठ्या चुलीचा धूर म्हणजे मरणच. नीलमनं हे सगळं सांगितलं. बाळाबाईंनी ऐकलंही. मग म्हणाल्या, "बरं. लसूण घे सोलायला."

मंगळवार होता. यात्रेआधीचे मंगळवार गाव पाळतं. शेतात कुणी जात नाही, गिरणी बंद, लाकडाला कुऱ्हाड लावायची नाही. म्हणून गल्लीतल्या बायका बाळाबाईंच्या सोप्यात जमल्या होत्या. उद्या सकाळी चुली पेटणार हे ठरलेलं होतं. मष्णूची लाकडं फणसाखाली येऊन पडली होती. नीलमला खिडकीतून ती लाकडं दिसत होती, आणि त्यांच्यावरून चोचीत किडा धरून ये-जा करणारा तो निळा नरही दिसत होता. आणि तिच्या तोंडातून निघून गेलं.

"मला पहाटं सपान पडलं."

बायका बोलत होत्या तशाच बोलत राहिल्या.

"हिरवं लुगडं नेसल्याली बाई फणसापाशी उभी हुती. म्हणाली, ही पाखरं माझी हाईत. हितं धूर करू नगा."

बायकांचे हात थांबले. दुसरी कुणी हे बोलली असती तर बायकांनी 'व्हय काय' म्हणून लसूण सोलणं चालू ठेवलं असतं. शेजारच्या नागुबाईंना तर आठवड्याला एक दृष्टांत होतो. पण नीलम! लिंबू-मिरचीवरून भांडणारी मास्तरीण! नागुबाईंच्या हातातलं सूप निसटलं. बाळाबाईंनी लसणाची पाटी बाजूला सारली, उठल्या, फणसापाशी जाऊन पदर पसरून उभ्या राहिल्या. संध्याकाळच्या आत चुलींची जागा गोठ्यामागं गेली. मष्णूनं दोन्ही गाल थोपटून देवीची माफी मागितली आणि उन्हात बुंदी पाडायला तयार झाला.

त्या रात्री नीलम गाढ झोपली. खोटं पचतं म्हणतात ते हेच, असं तिला वाटलंही असेल.

सकाळी बुंध्याला हळद-कुंकू होतं. मग नारळ आला. मग उदबत्तीचा पुडा, मग हिरव्या बांगड्या. एकीनं मोबाइलवर चित्रण करून ते स्टेटसला लावलं, आणि दुपारपर्यंत पिरनवाडीहून टेंपो भरून बायका आल्या. कुणी मराठीतून नवस बोललं, कुणी कन्नडमधून. बाळाबाईंनी खुर्ची टाकून घेतली होती. येईल तिला त्या सांगत होत्या, "माझ्या सुनंला दिष्टांत झाला. शिकल्याली हाय, पर देवीनं तिलाच निवडली." इतक्या वर्षांच्या संसारात सासूच्या तोंडून सुनेनं आपलं एवढं कौतुक कधी ऐकलं नव्हतं. ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

कारण पाखरं आगीतून फुफाट्यात पडली होती. ढोलीपाशी माणूस असलं की आईबाप आत जात नाहीत. घरट्याची जागा कुणाला कळू नये म्हणून चोचीतला किडा धरून लांब बसून राहतात. तो नर धुण्याच्या तारेवर बसला होता, चोचीत पांढरा पतंग, शेपूट खालीवर, आणि 'टिक् टिक्' असा एकसारखा इशारा. मादी जाईच्या वेलात. एक बाई गेली की दुसरी यायची, आणि नर झेपावता झेपावता परत तारेवर बसायचा. उदबत्तीचा धूर सरळ ढोलीत चालला होता. एवढीशी पिल्लं, त्यांना घडीघडीला घास लागतो. आधी ढोलीपाशी नुसती सावली हलली तरी आतून कालवा उठायचा. आता कान लावला तर कुठं एखादी बारीक शीळ.

"देवीला शांतता पाहिजे," नीलमनं सांगून बघितलं. तर बायका चपला काढून, चवड्यांवर चालत, तोंडाला पदर लावून आल्या. पण आल्याच. भीक नको पण कुत्रं आवर, अशी तिची गत झाली.

"मग सांग की खरं," युवराज हळूच म्हणाला. त्याला कधीच कळलं होतं. "पर आईचं तोंड बघ आधी, आणि मग सांग."

तिनं बघितलं. आणि सांगायचं राहिलं. दोन दिवस असे गेले. ती तारेवरच्या नराकडं बघायची, खुर्चीतल्या सासूकडं बघायची, आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासलेली पुन्हा घासायची. स्वतःचा तिला इतका राग कधीच आला नव्हता.

शुक्रवारी ती न्हाऊन केस मोकळे सोडून भाकरीचं पीठ मळत होती. खिडकीतून तिला दिसलं की मच्छेहून आलेल्या एका बाईनं कडेवरचं नातवंड उचललं आणि त्याचा हात ढोलीत घातला. देवीचं पीस मिळालं तर ताईत करायचा होता.

नीलम तशीच धावली. पिठाचे हात, मोकळे केस.

"हात काढा! काढा हात! खोटं हाय सगळं! सपान न्हवतं! मी खोटं बोलले, मी!"

ती थरथर कापत होती. आवाज चिरकला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या बाईनं नातवंडाचा हात घाईनं बाहेर ओढला. मग गर्दीतून गल्लीतल्या शालूबाई ओरडल्या, "आली! आई आली! अंगात आली!"

पन्नासेक बायका एकदम मातीत वाकल्या. कुणी तिच्या पायांवर कुंकू टाकलं, कुणी लिंबू फिरवलं.

"अहो, मी नीलम हाय! शाळेतली नीलम! मी खोटं बोलले म्हणून सांगतेय न्हवं!"

"देवी पयल्यांदा असंच म्हणती," कुणीतरी मागच्यांना समजावून सांगितलं.

खोट्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला, खऱ्यावर ठेवायला कुणी तयार नव्हतं. नीलमनं हताश होऊन सासूकडं बघितलं. बाळाबाई खुर्चीतून उठल्या होत्या. उभ्या जन्मात त्यांनी अंगात आलेल्या बायका ढिगानं बघितल्या होत्या, आणि आपली सूनही रोज बघत होत्या. त्यांनी नीलमच्या डोळ्यांत नीट बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. मग त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"आई कावलीया! ऐकू येत न्हाय? उठा! रस्त्याच्या पलीकडं व्हा समद्या. पाखरं उडून जाईस्तवर ह्या परड्यात कुणी पाऊल टाकायचं न्हाय. टाकलं तर माझ्याशी गाठ हाय."

परडं रिकामं झालं. बाळाबाईंनी फाटकाला कडी घातली, तांब्या आणला आणि उदबत्त्या एकेक करून पाण्यानं विझवल्या. मग दोघी मागच्या दाराच्या आत येऊन उभ्या राहिल्या.

तार रिकामी होती. नर कुठंच नव्हता, मादीही नाही. ढोलीतून आवाज नाही. रस्त्यावर बायकांची कुजबुज चालली होती आणि गोठ्यामागून बुंदीच्या तेलाचा वास येत होता. नीलमनं चौकट घट्ट धरली होती. उशीर झाला, सगळं संपलं, आणि ते आपणच केलं, एवढं एकच तिच्या डोक्यात फिरत होतं.

'टिक्.'

नर तारेवर येऊन बसला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. चोचीत माशी होती. एकदा झेपावला, अर्ध्यातून परतला. पुन्हा झेपावला आणि ढोलीत शिरला. आत बारीक कालवा झाला. तो बाहेर आला तेव्हा चोच मोकळी होती. लगेच वेलातून मादी आली. आत किती पिल्लं उरली होती ते बघायचा नीलमला धीर झाला नाही, पण कुणीतरी उरलं होतं.

"सपान न्हवतं म्हण की," बाळाबाई म्हणाल्या.

"न्हवतं, आत्ती."

बाळाबाई उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी त्या ढोलीपाशी मंगलला मागितलीती."

मंगल ही त्यांची एकुलती लेक, निपाणीला दिलेली. तिच्या मुलाच्या बारशात बाळाबाई तिला चारचौघांत तोडून बोलल्या होत्या, तेव्हापासून तिनं माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. यात्रेचं आवतण साऱ्या मुलुखाला फोनवर गेलं होतं. लेकीला तेवढं त्यांनी देवीच्या हाती धाडलं होतं, आणि देवी तर ढोलीत नव्हतीच.

नीलमला रडू आवरेना. पाखरं वाचवायच्या नादात आपण या बाईच्या केवढ्या आशेशी खेळलो ते तिला आत्ता कळलं. पिठाचे हात पदराला पुसून तिनं मोबाइल घेतला.

"आत्ती, लावू काय मंगलताईंना?"

बाळाबाई फणसाकडं बघत राहिल्या. नर पुन्हा एक घास घेऊन आत गेला.

"लाव," त्या म्हणाल्या. "पर बोलणार मी. तू मधी तोंड घालू नगो. तुझ्या जिभंचा आता काय भरवसा न्हाय."