पासवर्डातलं नाव

वायफायच्या डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. शेजारची कुंदा फोन घेऊन आली. "मावशी, पासवर्ड?" मी डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीकडे बोट केलं. अक्षरं, आकडे, मध्येच एक चिन्ह. तोंडानं सांगता येणार नाही असा पासवर्ड.

आधी मुलानं ह्यांचंच नाव ठेवलं होतं. लग्नापासून मी ते उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. हे गेल्यावर उखाणाही संपला, विधवेला कोण आग्रह करतं? पण पाहुणा आला की पासवर्ड विचारायचा आणि मला सांगावंच लागायचं, "दत्तात्रय." कुंदा मुद्दाम म्हणायची, "ऐकू नाही आलं, परत घ्या."

परवा मुलगा म्हणाला, "आई, घरातल्या माणसाचं नाव चोर आधी घालून बघतात. एकदा आत शिरले की तुझ्या फोनपर्यंत पोचतील." खरंच होतं ते. दार म्हटलं की कुलूप हवं. मी म्हटलं, "बदल." दुसरं काय सांगणार होते?

कुंदानं चिठ्ठी बघून अक्षरं दाबली. "लागलं," म्हणाली आणि फोनमध्ये बघत बसली. मी चहा टाकायला उठले.

कुलूप चांगलं आहे. आता ते नाव मला कुणी विचारत नाही.