मी कुठं आहो ते सांग

दादांना कोडमधला राहून गेलेला कंस ऐकू यायचा. डोळे तिशीतच गेलेले, त्यामुळे पडद्यावरचं सगळं त्यांना कॉम्प्युटर कानात वाचून दाखवायचा, तोही अशा वेगाने की आम्हाला डब्यात हरभरे हलवल्यासारखं वाटावं. ते मात्र मध्येच बोट उचलायचे. "थांब लेका. कंस उघडला, बंद कुठी केला?" सिविक सेंटरमधल्या आमच्या चार खुर्च्यांच्या ऑफिसात डोळसांच्या चुका एक आंधळा काढायचा, आणि पुढे पुढे आम्हाला त्याची लाजही वाटेनाशी झाली.

दादांचे वडील इथल्या स्टील प्लांटमध्ये, घर स्मृति नगरात, मूळ गाव भंडाऱ्याकडचं. ऑफिसात सगळ्यांशी हिंदी; घरची मराठी ते फक्त माझ्याशी बोलायचे, आणि तीही बहुतेक रागवायला.

आम्ही कोड लिहिण्यासाठी एक एडिटर बनवत होतो. त्यात दादांचं एकच मागणं होतं. "मले ओळ नंबर नको सांगू. चारशे बाराव्या ओळीवर आहो, हे समजून मी काय करू? मी कुठं आहो ते सांग." म्हणजे कुठल्या फंक्शनमध्ये, त्यातल्या कुठल्या अटीच्या आत. माझ्या एडिटरचा कारभार मात्र अंदाजपंचे दाहोदरसे. रंग द्यायला एक अंदाज, नको तेवढा कोड मिटवून त्याच्या घड्या घालायला दुसरा, जागा सांगायला तिसरा. एक कंस अर्धवट राहिला की तिघांची तोंडं तीन दिशांना. शिवाय एक अक्षर टाइप केलं की तो सगळी फाइल पहिल्यापासून वाचायला बसायचा. फाइल मोठी असली की आवाज अडकायचा. आम्हाला ते जाणवायचंही नाही, पण दादा तेवढा वेळ चाचपडत राहायचे.

त्यांचं काम मंदावलं. मालक काही वाईट माणूस नव्हता, पण एक दिवस त्याने दादांच्या टेबलावर फोन आणून ठेवला. "दादा, अगले महीने से आप कस्टमर के फोन देख लो. आराम रहेगा." दादा नुसतं "ठीक है" म्हणाले. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

"झाड लाव बे," दुसऱ्या दिवशी आल्या आल्या ते मला म्हणाले. कोड एकदा नीट वाचून त्याचं झाड करायचं: फाइल हे खोड, फंक्शन या फांद्या, अटी या डहाळ्या. मग अक्षर बदललं की तेवढीच डहाळी पुन्हा वाचायची, बाकीच्या झाडाला हात लावायचा नाही. "एका पानासाठी पूर्ण झाड कावून उपटून राहिला तू?"

तीन आठवडे खपलो. झाड उभं राहिलं आणि मी ओरडलो, "दादा, बघा, रंग काय सुरेख आलेत!" बोलून गेलो आणि जीभ चावली. ते पोट धरून हसले. "रंग तुले मुबारक. माह्यं काय?" त्यांचं व्हायला एक दिवसही लागला नाही. रंग, घड्या, जागा, हे आता झाडाला विचारायचे साधे प्रश्न झाले होते. माझे जुने अंदाज मी पानंच्या पानं पुसून टाकले, आणि खरं सांगतो, फार बरं वाटलं.

मग मालकाला मागे उभं करून दादांनी आमची सगळ्यात मोठी फाइल उघडली. मधोमध एक अट लिहायला घेतली, मुद्दाम कंस उघडा ठेवला आणि जागा विचारायची कळ दाबली. आवाज जराही न अडखळता बोलला, "तपासणी फंक्शन, दुसऱ्या अटीच्या आत." दादांनी चाचपून फोनची वायर काढली आणि फोन माझ्या हातात दिला. "हे तू ठेव. मले काम आहे." मालक हसला आणि आपल्या खुर्चीकडे गेला.

पुढच्या वर्षी त्यांना हैदराबादला मोठं काम मिळालं, कोड लिहायचंच. दुर्ग स्टेशनवर गर्दीत मी त्यांचा दंड धरून पुढे चालू लागलो. त्यांनी माझा हात सोडवला आणि स्वतः माझा कोपर धरला. "आंधळ्याले धरून नेत नाई बे. त्याले धरू द्याचं असते." डब्याच्या दाराशी त्यांनी कोपर सोडला, दांडा पकडला आणि चढून गेले. मला फार वाईट वाटत होतं. गाडी दिसेनाशी झाली तरी माझा कोपर तसाच वाकवलेला होता.