ते बाजारात गेलेत

ऐंशीच्या दशकात ठाण्याच्या नौपाड्यातल्या सुना बँकेच्या परीक्षा द्यायच्या. मी रशियन शिकत होते. "शिकून करणार काय? भाजीवाल्याशी बोलणार?" असं सासूबाई मी क्लासला निघाले की विचारायच्या, आणि माझं डोकं सटकायचं.

मग एका हिवाळ्यात दिल्लीत वाघ-बिबट्यांच्या रक्षणासाठी बऱ्याच देशांची माणसं जमणार होती. त्यातले एक रशियन प्राणितज्ज्ञ आधी येऊरच्या जंगलात येणार होते आणि त्यांना दुभाषी हवी होती. इथलं काम नीट निभावलं, तर दिल्लीचंही मलाच मिळणार होतं. मला ते हवंच होतं, अगदी काहीही करून.

"परक्या पुरुषाबरोबर जंगलात? एकटी? मी येते," सासूबाई म्हणाल्या, आणि पुरीभाजीचा डबा घेऊन जीपमध्ये पुढे बसल्यासुद्धा.

येऊरच्या पाड्यावर एक आजी अंगणात तांदूळ पाखडत होत्या. पाहुण्यांचा प्रश्न मी मराठीत विचारला, "आजी, इथे वाघ येतो का?" बिबट्याला तिथे सगळे वाघच म्हणतात, एवढा अभ्यास मी केला होता. आजींनी तोंड फिरवलं. पुन्हा विचारलं, तर सूप उचलून आत निघाल्या. गेली दिल्ली!

"अगं, रानात त्याचं नाव काय घेतेस?" सासूबाई कुजबुजल्या. "नवऱ्याचं घेतेस का चारचौघांत?"

मी घाईघाईने सुधारलं, "आजी, ते येतात का इकडे?"

"ते नाय आता. बाजारात गेलेत."

हुश्श! मी ते रशियनमध्ये सांगून मोकळी. पाहुण्यांची पेन्सिल थांबली. "बिबट्या बाजारात गेलाय?"

अगं बाई! आजी आपल्या नवऱ्याबद्दल बोलत होत्या. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. मी घोटाळा उलगडून सांगितला, तेव्हा पाहुणेही जीपला टेकून खदखदले. त्यांच्याकडचे शिकारीसुद्धा म्हणे वाघाचं नाव घेत नाहीत, त्याला 'मालक' म्हणतात.

"आमी पण मालकच बोलतो," आजी लाजून म्हणाल्या, "पण घरच्याला."

मग त्या अशा काही खुलल्या! तो पाणी कुठे पितो, कुत्री कुठून उचलतो, सगळं सांगितलं. सांगता सांगता सासूबाईंच्या पुऱ्याही संपवल्या.

संध्याकाळी आमच्या दारात पाहुणे मला काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतोय?" सासूबाईंनी विचारलं.

'आभार मानतायत' म्हटलं असतं तरी त्यांना कुठे कळणार होतं! पण मी खरं तेच सांगितलं. "आठवडाभर दिल्लीला याल का, विचारतायत."

सासूबाईंनी हातातला रिकामा डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तिकडे थंडी फार असते. माझी शाल घेऊन जा."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला? मला कुठे रशियन येतं?"