अनारशाने मला सोडवलं नाही

बहारीनमधल्या माहूज भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या चारही मजल्यांचं ठाम मत आहे की मला बायकोच्या अनारशाने तुरुंगातून सोडवलं. दिवाळी जवळ आली की लिफ्टमध्ये कोणीतरी विचारतंच, "काय, वहिनींचे सुटकेचे अनारसे कधी?" मी हसतो, पण दाढा आवळून. कारण हे खरं नाही, आणि खरं काय आहे ते मला घरात सांगता येत नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

मी कराडकडचा. बहारीनला फिटर म्हणून आलो आणि आज अस्करला माझं स्वतःचं फोर्कलिफ्ट दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. ते मला कोणी आंदण दिलेलं नाही. जागा, मशिनं, दारावरची पाटीसुद्धा मी घासाघीस करून मिळवली आहे. घासाघीस करताना मला राग येतो, आणि राग आला की माझी घासाघीस आणखी चांगली होते. बावीस वर्षं हे गणित बरोबर चाललं. चुकलं ते एकदाच, विमानतळावर.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मी एकटाच गावी जाऊन आलो. परत निघताना बॅग भरली ती बायकोच्या थोरल्या बहिणीने. आमच्याकडे पाव्हण्याने स्वतः बॅग भरायची नसते, आणि तिने भरलेली उघडून बघणं म्हणजे तिच्यावर संशय घेणं. अक्कांनी बॅगेवर गुडघा ठेवून चेन लावली आणि बजावलं, "पाव्हणं, आता हिच्यात हात घालायचा न्हाई. सगळं मापात बसवलंय."

मी हात घातला नाही. फक्त बाहेरच्या कप्प्यात टिकल्यांची दोन पिस्तुलं सरकवली. मुलीला दिवाळीसाठी एकच हवं होतं. पण बाजारात मी दुकानदाराशी एवढा वेळ भांडलो की तो शेवटी म्हणाला, "न्या दोन, पर जावा आता." त्या विजयाचा मला विमानात बसेपर्यंत आनंद होता. टिकल्या मात्र घेतल्या नव्हत्या. विमानात दारू नेऊ नये एवढी अक्कल मला आहे.

बॅगेच्या आत काय होतं? अनारशाचं पीठ. तांदूळ तीन दिवस भिजवून, कुटून, गूळ घालून केलेलं. आणि अनारसं एका बाजूने खसखशीवर थापतात म्हणून पिठाच्या डब्यात अक्कांनी पावशेर खसखस खुपसली होती, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत, वर रबरबँड. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, आणि आखातात ते अमली पदार्थांत मोडतं. इथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हे माहीत आहे. अक्कांनाही मी दोनदा सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं, "पावशेरानं काय हुतंय?"

जकातीच्या टेबलावर अधिकारी फार सभ्यपणे बोलत होता. त्याने खसखशीची पुडी एका बाजूला ठेवली, पिस्तुलं दुसऱ्या बाजूला, आणि माझ्याकडे बघितलं. पीठ त्याने परत डब्यात घातलं. त्या वेळी मी गप्प बसायला हवं होतं. पण समोर टेबल आणि टेबलावर माल दिसला की माझं तोंड आपोआप सुरू होतं. मी हिंदीत म्हणालो, "ऐसा करो साब, एक पिस्तौल आप रखो, एक मेरे को दे दो."

हे वाक्य पुढे कागदावर आलं. माझे वकील, झिंज भागात ऑफिस असलेले एक शांत बहारीनी गृहस्थ, ते वाचून बराच वेळ चष्मा पुसत राहिले. अधिकाऱ्यालाच पिस्तूल देऊ करणारा अशील त्यांना याआधी मिळाला नव्हता.

खालच्या कोर्टाने निकाल दिला: खसखशीचा एक महिना, पिस्तुलांचा एक महिना, एक संपला की दुसरा, आणि त्यानंतर कायमचं मायदेशी. महिन्यांचं मला काही वाटलं नाही. पण कायमचं मायदेशी म्हणजे वर्कशॉप खलास. बावीस वर्षं एका खसखशीच्या पुडीखाली. शिवाय हिशोबच मला पटेना. दोन प्रकारचा माल एकदम घेतला की भाव उतरतो. इथे चढला होता!

वकिलांनी अपील केलं. कोठडीत माझ्याबरोबर व्हिसा संपलेला एक मल्याळी कुक होता. मी दोन दिवस बसून शिक्षेविरुद्ध मराठीत सात मुद्दे लिहिले आणि ते त्याला हिंदीत वाचून दाखवले. पहिला मुद्दा, टिकल्यांशिवाय पिस्तूल म्हणजे पत्र्याचा तुकडा. दुसरा मुद्दा माझ्या मते अजोड होता: पिस्तुलं बाहेरच्या कप्प्यात होती आणि खसखस आत डब्यात, तेव्हा पिस्तुलं खसखशीची राखण करत होती असं म्हणताच येत नाही. मला खसखस राखायची असती तर मी पिस्तूल डब्यात ठेवलं असतं.

कुक म्हणाला, "साब, ये पॉइंट मत बोलना."

"क्यों?"

"इसमें आप दिमाग लगा रहे हो. जिसके पास इतना दिमाग है, वो डीलर लगता है."

"और तीसरा?"

"तीसरे में आपने साली को गाली दी है."

ती शिवी नव्हती, वस्तुस्थिती होती. पण मी तो मुद्दा खोडला. चौथ्यात लिहिलं होतं की खसखशीशिवाय अनारसं होत नाही, ती आमची गरज आहे. त्यावर कुकने थंडपणे सांगितलं, "मैं इधर पंद्रह साल बिना खसखस कुरमा बनाया. किसी ने कंप्लेंट नहीं किया." मी त्याच्याशी दुपारपर्यंत बोललो नाही.

भेटीच्या दिवशी बायको मुलीला घेऊन आली. मुलगी दहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. काचेपलीकडून तिने फोन उचलला. "बाबा, आर यू अ गँगस्टर?"

"नाही गं बाळा. मावशीने खसखस दिली."

"सो मावशी इज द गँगस्टर?"

मी म्हणालो, "असं समज." बायकोने फोन ओढून घेतला.

"अहो, तिला काय शिकवताय? आणि हे बघा, वकील म्हणाले कोर्टाला दाखवायला अनारसे करून आणा, म्हणजे ते बी कशाला वापरतात ते कळेल. तुमच्या बॅगेबरोबर पीठ घरी आलंच आहे."

"खसखस कुठून आणणार?"

"तीळ लावते."

"तिळाचं अनारसं? मला आत टाकलंय तेवढं पुरे नाही का?"

"तुम्ही कोर्टात गप्प बसा म्हणजे झालं," ती म्हणाली. "एकदाच. माझ्यासाठी."

अपिलाच्या दिवशी तिने स्टीलचा डबा वकिलांच्या हातात दिला. गरज पडली तर साक्षीला बोलवू, तोवर बाहेर थांबा, असं तिला सांगण्यात आलं. ती बाहेरच्या बाकावर बसली. हे लक्षात ठेवा. ती बाहेर होती.

आत दुभाषा हैदराबादचा. न्यायाधीश वयस्कर, आवाज हळू. पिस्तुलांचं फार लांबलं नाही. वकिलांनी एक हातात घेतलं, दोनदा चाप ओढला, टक टक असा आवाज आला. मी माझा दुसरा मुद्दा मांडायला तोंड उघडलं आणि वकिलांनी माझ्या पायावर पाय दिला. मग डबा उघडला. सोनेरी, जाळीदार, वर पांढरे तीळ. न्यायाधीशांनी एक अनारसं उचलून उजेडाकडे धरलं आणि काहीतरी विचारलं.

दुभाषा म्हणाला, "साब पूछ रें, इसमें खसखस किधर है?"

"वो तो आपके पास जमा है," मी म्हणालो.

मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं.

"साब पूछ रें, ये ऊपर क्या लगाए?"

"तील."

"पूछ रें, तील से बनता है, तो खसखस की क्या जरूरत थी? तील पे तो कोई रोक नहीं."

कुकचा कुरमा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. वकील खाली बघू लागले. मला कळत होतं की इथे म्हणायचं, चूक झाली साहेब, यापुढे तीळच लावू, तिळाचं जास्तच चांगलं लागतं. एवढं गोड वाक्य, आणि वर्कशॉप वाचेल. बायकोने गप्प बसायला सांगितलं होतं. पण बावीस वर्षांत कोणी नकली पार्ट समोर ठेवून त्याला अस्सल म्हण म्हटलं तर मी म्हटलेलं नाही. डोक्यात सणक गेली.

"साब," मी म्हणालो, "ये बनता नहीं है. ये नकली है. मेरी औरत ने बनाया है, तो भी नकली है. तील कड़वा हो जाता है, जाली बंद हो जाती है, मुँह में रबर लगता है. मुझे घर भेजना है तो भेजो, लेकिन इसको अनारसा मत बोलो. खसखस लाना गलत है, मालूम है, मेरी साली को भी मालूम था. मगर उसके बिना ये चीज नहीं है. मफी!"

शेवटचं 'मफी', म्हणजे 'नाहीच', मी थेट अरबीत ठोकलं. बाकीचं सगळं दुभाष्याने सांगितलं, रबरासकट. ते मला कळलं, कारण न्यायाधीशांनी हातातलं अनारसं दोन बोटांनी वाकवून पाहिलं. ते वाकलं.

पुढच्या तारखेला निकाल आला. पिस्तुलं खेळणी ठरली आणि ती शिक्षा गेली. खसखशीचा महिना भोगून झालेला धरला. मायदेशी पाठवणं रद्द. मला वाटलं, दुसरा मुद्दा वकिलांनी लेखी घुसवला असणार. कॉरिडॉरमध्ये मी त्यांना तसं विचारलं.

ते इंग्रजीत हळूच म्हणाले की तुमचे मुद्दे अजून माझ्या खिशातच आहेत, आणि निकालात त्यांचा काही संबंध नाही. "न्यायाधीशांनी लिहिलंय की आरोपी विश्वासार्ह वाटतो. देश सुटायची वेळ आली तरी जो माणूस बायकोच्या पदार्थाची खोटी स्तुती करत नाही, तो खसखशीबद्दल तरी कशाला खोटं बोलेल?"

मी त्यांचा हात धरला. "हे तिला सांगू नका."

"इंशाल्ला," ते म्हणाले. म्हणजे काय ते मला आजही नक्की माहीत नाही.

बाहेर बायको पुन्हा त्याच बाकावर होती, ती उठली. तोवर कोर्टात जमा असलेला डबा माझ्या हातात रिकामा होता, कारण निकालानंतर दुभाषा आणि शिपाई दोघांनी मिळून तो संपवला होता. तिने डबा पाहिला, मला पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आवडले त्यांना?"

मी जन्मभर भाव पाडत आलो आहे. पण त्या क्षणी माझ्याकडे देण्यासारखं एकच होतं.

"फार," मी म्हणालो.

तेव्हापासून आमच्याकडे अनारशाला तीळच लागतात. अक्का फोनवर म्हणतात, "बघा पाव्हणं, माझ्या पिठानं वाचवलं," आणि मी फोन कानापासून लांब धरतो. पहिलं अनारसं माझ्या ताटात येतं. बिल्डिंगमधले लोक माझ्या तोंडाकडे बघत असतात. वकीलही येतात दर दिवाळीला. ते समोर बसून, अतिशय गंभीर चेहऱ्याने, मला विचारतात, "कसं झालंय?"

मी म्हणतो, "उत्तम." न्यायाधीशासमोर जे जमलं नाही ते आता दरवर्षी जमतं. वर्कशॉप तर राहिलं आहे.

आणि बायको हे वाचेल अशी मला भीती नाही. वकिलांनी परत दिलेले माझे सात मुद्देसुद्धा तिने तिसऱ्यापर्यंतच वाचले होते. खोडला असला तरी तिसरा वाचता येत होता, आणि तो तिच्या बहिणीवर होता.