डबलचा मिठा

लग्न होऊन मी हैदराबादच्या मलकपेठेत आले ती सासरची माणसं मराठी बोलतात या भरवशावर. बोलत होती मराठीच, पण ती समजायला मला वर्ष लागलं. फोडणीला बघार, पाहुण्यांना मेहमान, आणि नाही म्हणायचं तर 'नक्को'. व्याकरणाचं तर विचारूच नका. आमच्या सांगलीत पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग आपापल्या जागी बसलेली असत. इथे ती उठून मनाला येईल तिथे जाऊन बसत. मला शाळेत व्याकरणात पैकीच्या पैकी मिळत, त्यामुळे मनातल्या मनात मी दिवसभर माणसांची वाक्यं सुधारत असे. तोंड उघडून कोणाला सुधारायची अर्थातच सोय नव्हती.

घरात आम्ही तिघंच. मी, आमचे हे आणि मामंजी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे स्वयंपाकघर पहिल्या दिवसापासून माझ्या हाती आलं आणि ते शिकवायलाही मामंजीच. सगळी नोकरी उर्दू कचेरीत झालेला हा माणूस पाटावर बसून मला खट्टा शिकवायचा. तीळ आणि शेंगदाणे भाजून वाटायचे, त्यात चिंचेचा कोळ, मीठ, कच्चा कांदा, हिरवी मिरची, आणि वरून जिऱ्यामिरचीचा बघार. चुलीवर शिजवायचं काहीच नाही. मऊ खिचडीवर हा खट्टा ओतून जेवायला बसलं की पापडाखेरीज दुसरं काही लागत नाही. हैदराबादेवर माझा पहिला जीव जडला तो चारमिनारवर नव्हे, या खट्ट्यावर.

माझ्या हातची आमटी मात्र मामंजींना सोसत नसे. माहेरच्या सवयीनं मी गूळ घालायची. पहिला घास घेतला की ते वाटी खाली ठेवत आणि विचारत, "सूनबाई, ही आमटी आहे का खीर?" रोज तोच प्रश्न, तसाच गंभीर चेहरा. ह्यांना हसू फुटायचं आणि माझा जीव जायचा. आपल्या हाताला चव नाही, आपलं सगळंच फिक्कं होतं, असं मी धरूनच चालले होते.

ते दिवस उलथापालथीचे होते. पोलीस ॲक्शन होऊन गेली होती, निजामाचं राज्य संपलं होतं आणि कचेऱ्यांत उर्दूची जागा इंग्रजी घेत होती. आमच्या गल्लीच्या टोकाला मामंजींचे कचेरीतले दोस्त राहायचे, मी त्यांना चच्चा म्हणत असे. तरुणपणापासून दोघं एकत्र कामाला जायचे, एकत्र परतायचे आणि संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून रोज तेच तेच भांडायचे. चच्चांचा एकुलता एक मुलगा कराचीला गेला होता. आता तो आईबापांना बोलावत होता. मुंबईला जाऊन बोटीनं पुढे, असं ठरलंही.

मामंजींच्या मनात त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. हे मला कळत होतं, ह्यांना कळत होतं, बहुधा चच्चांनाही कळत होतं. पण "जाऊ नका" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघेनात. मुलाकडे जाणाऱ्या बापाला अडवणारे आपण कोण, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी एकच केलं. निघायच्या आदल्या दिवशी चच्चांना जेवायला बोलावलं. चाची सामान बांधत होत्या, त्यामुळे चच्चा एकटेच येणार होते.

त्या सकाळी मामंजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "सूनबाई, आज मेहमान येऊलाले. बघारे बैंगन करा, आंबाडीची भाजी करा, खिचडी-खट्टा तर पाहिजेच. अन् डबलचा मिठा. बाकी काही झालं नाही तरी चालतंय, डबलचा मिठा झालाच पाहिजे. त्यांच्या आवडीचा आहे."

डबलचा मिठा. मी मनात वाक्य सुधारून घेतलं: डबल मीठ. मिठाला पुल्लिंगी करून टाकण्यात इथे नवल काहीच नव्हतं. आपलं रोजचं फिक्कं लागतं, तेच हे सौम्य शब्दांत सांगताहेत, असं वाटून मी शरमलेही. चच्चांना खारट आवडतं, तर आवडो बापडे. विचारायला हे घरात नव्हते, आणि सासऱ्यांना उलट विचारायची माझी टाप नव्हती.

आदल्या संध्याकाळी ह्यांनी आबिड्सहून पाव आणून फळीवर ठेवला होता. आमच्या माहेरी पाव आणत तो तापकऱ्याला चहात बुडवून द्यायला. घरात आजारी कोण, असं मनात आलं खरं, पण तिथेच राहिलं.

मग मी रांधायला बसले. प्रत्येक पदार्थात आधी माझ्या अंदाजानं मीठ घातलं आणि मामंजींची आज्ञा म्हणून पुन्हा तितकंच घातलं. वांग्यात, भाजीत, खिचडीत, खट्ट्यात. चव घ्यायचा प्रश्नच नव्हता. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला काही लावायचं नाही, हे आईनं शिकवलेलं. देवानं खाल्लं, आणि देव काही बोलला नाही.

दिवाणखान्यात सतरंजीवर पांढरी चादर अंथरून तिघं जेवायला बसले. ह्यांनी पहिला घास घेतला आणि पाण्याचं भांडं रिकामं केलं. मामंजींनी घास गिळला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला अजून ती नजर आठवते. चच्चा मात्र चावत होते, शांतपणे. एकेक घास, एकेक घोट पाणी. "वा मां दुल्हन, क्या हाथ है तुम्हारा," असंही म्हणाले; इकडे लेकीसुनेलाही 'मां' म्हणतात. पाहुणा खातोय म्हटल्यावर घरच्यांनाही खावंच लागलं. मी दाराशी उभी राहून धन्य होत होते. माझ्या हातचं जेवण घरात पहिल्यांदाच इतकं गुपचूप जेवलं जात होतं.

शेवटी मामंजी म्हणाले, "सूनबाई, आता मिठा वाढा."

अजून? इतकं घालून यांना अजून हवंच आहे! मी धावत जाऊन मिठाची बरणी आणली आणि चच्चांच्या ताटात चमचाभर मीठ वाढलं.

मग ह्यांनी विचारलं, "हे काय? पाव कुठाय? डबलरोटीचं गोड करायचं होतं ना?" पाव तुपात तळून साखरेच्या पाकात आणि दुधात मुरवायचा, त्याला डबलचा मिठा म्हणतात, हे मला मिठाची बरणी हातात धरून उभी असताना कळलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

चच्चा हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग थांबून मामंजींना म्हणाले, "पंडितजी, तुम तो मुंह से कुछ बोले नहीं. ये बच्ची बोल दी. इत्ता नमक खाको आदमी जाता कैसा?"

मामंजी उठून हात धुवायला गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

मी लगेच पाव तळते म्हणाले, तर चच्चांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रहने देव मां. मीठा बाकी रहा."

दुसऱ्या दिवशी चच्चा आणि चाची गेले. मामंजी नामपल्ली स्टेशनवर गेले नाहीत, ओसरीवर बसून राहिले. त्यानंतर त्या घरात जेवण म्हणजे नुसतं पोट भरणं झालं. मामंजी वाढलेलं खायचे आणि उठायचे. मी मुद्दाम खट्टा केला, ते काही बोलले नाहीत. मग हट्टाला पेटून आमटीत वाटेल तितका गूळ घातला, की निदान रागावतील, खीर म्हणतील. तीही वाटी मुकाट्यानं संपली. तेव्हा मात्र मी चुलीपाशी बसून रडले. माझ्या सासऱ्यांवर माझा इतका जीव आहे, हे मलाच त्या दिवशी समजलं.

आणि एका सकाळी फाटक वाजलं. बाहेर चच्चा उभे, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाव.

"बंबई तक गए, मां," ते मला सांगत होते, पण बघत होते ओसरीवरच्या मामंजींकडे. "समंदर देखे. उसमें भी नमकीच नमक. तुम याद आए. तुम्हारी चाची बोले, घर चलो."

खरं कारण माझं मीठ नव्हतं, हे मला कळतं. बोटीची शिडी पाहून चाचींनी बसकण मारली होती, हे पुढे त्यांनीच मला सांगितलं. पण चच्चांनी जन्मभर सगळ्यांना मिठाचंच कारण सांगितलं.

मामंजी नुसते सरकून बसले, चच्चांना जागा करून दिली.

मी पावाचे काप तुपात लालसर तळले. दूध आटवलं, वेलदोडा कुटला, केशराच्या चार काड्या टाकल्या. पाकासाठी साखरेचा डबा काढला आणि ओसरीवर जाऊन विचारलं, "साखर किती घालू?"

"डबल!" दोघे म्हातारे एकदम ओरडले.

दुपारी पानं वाढली. हट्ट मी अजून सोडला नव्हता; सकाळीच केलेली आमटी होती, गूळ घातलेली. आता ती बदलायला वेळ नव्हता. मामंजींनी पहिला घास घेतला, वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, ही आमटी आहे का खीर?"

मी मान खाली घालून "चुकलं मामंजी" म्हणाले आणि स्वयंपाकघरात पळाले, कारण मला इतका आनंद झाला होता की तो सासऱ्यांसमोर दाखवणं बरं दिसलं नसतं.