सुईवरचं पितळ

मेन रोडवरच्या एका रेडिओ दुकानदाराने मला फसवलं. मी काही भोळं गिऱ्हाईक नव्हतो. पिंपळगावच्या बाजारात कांद्याच्या रिकाम्या गोण्या घेऊन-विकूनच मी स्वतःच्या पायावर उभा राहिलो. गोण्यांचा गठ्ठा आम्ही हाताने उचलून पारखतो. हलका लागला की आत फाटका माल.

माझा थोरला भाऊ जयंतीच्या कार्यक्रमांत गायचा. एका लहानशा कंपनीने त्याच्या गाण्यांची तबकडी काढली होती. तो गेला तेव्हा घरात तिची एकच प्रत होती. वहिनीला ती ऐकता यावी म्हणून ऐंशीच्या सुरुवातीला मी रेकॉर्ड प्लेअर घ्यायला गेलो.

दुकानात नुसती जत्रा होती. आवाजाबरोबर नाचणारे काटे, निळे-तांबडे दिवे, आरशासारखी झाकणं. मी एकेक यंत्र उचलून पाहिलं आणि प्लास्टिक म्हणून खाली ठेवलं. दुकानदार माझ्या हातांकडे बघत होता. मग त्याने आतून एक जड यंत्र आणलं. सुईच्या दांडीच्या टोकाला, अगदी सुईवरच, पितळेचा झळझळीत लट्टू होता. म्हणाला, "शेठ, वजनाशिवाय सूर खोल जात नाही." लट्टूचे पैसे तो वेगळे मागत होता. तासभर भांडून मी तो फुकटात बसवून घेतला आणि जिंकल्यासारखा घरी आलो.

वहिनी रोज संध्याकाळी तबकडी लावायची. सुईला काळी भुकटी चिकटायची, ती पदराने पुसून टाकायची. मला वाटे, धूळ असेल. पावसाळा संपता संपता ती म्हणाली, "भाऊजी, ह्यांचा घसा बसल्यासारखा वाटतो हो." मी हसण्यावारी नेलं. दिवाळीपर्यंत नुसती खरखर उरली. तबकडी उजेडात धरली तर रेघा पांढुरक्या, नांगरल्यासारख्या.

मी ती आणि यंत्र दोन्ही घेऊन दुकानात गेलो. आवाज चढवला, रस्त्यावरची माणसं आत डोकावली. तो आधी म्हणाला, जुन्या तबकड्या झिजतातच. मी लट्टू उपटून काउंटरवर आपटला, तेव्हा हळूच बोलला, "तो शोभेचा होता, शेठ. त्याच्या भाराने सुई तबकडी खरवडत गेली. तुम्ही वजन बघूनच घेत होता, म्हणून बसवला."

कंपनी केव्हाच बंद पडली होती. दुसरी प्रत मी मनमाडपासून मुंबईपर्यंत शोधली. ज्यांच्याकडे होती त्यांनी ती कधीच मोडीत घातली होती. भावाचा आवाज आता कुठेच नाही. वहिनी अजून विचारते, दुरुस्त होईल का. मी विषय बदलतो.

दुकान अजून आहे, नवे दिवे लावून. दुकानदाराने एकदा आमच्या घरी यावं, वहिनीसमोर बसावं, आणि ती रोज पदराने काय पुसत होती हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगावं. मी सांगणार नाही. त्यानेच सांगितलं पाहिजे.